आप्पांची तिसरी केस

मागच्या वर्षी आमच्या कंपनीत 'एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन सर्व्हे' झाला. आमच्या टीमला पाचपैकी साडेचार गुण मिळाले. मॅनेजर इतका खूश, की त्याने स्वतःच्या खिशातून केक आणला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत अकरा जणांच्या टीममधल्या चौघांनी राजीनामा दिला. बिचाऱ्याला खरंच धक्का बसला. "सर्व्हेमध्ये तर सगळे खूश होते यार!" असं तो चार वेळा तरी म्हणाला.

गंमत अशी, की सर्व्हेच्या पानावर वर मोठ्या अक्षरात 'संपूर्ण गोपनीय' असं लिहिलं होतं आणि ज्या लिंकवरून आम्ही तिथे पोचलो, तिच्या शेपटाला प्रत्येकाचा एम्प्लॉयी नंबर चिकटलेला होता. आता आम्ही सगळे इंजिनिअर. लिंक वाचता येते आम्हाला :) मीही पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो.

त्या केकचा तुकडा खाताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पा जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९७१ ला त्यांनी इंदिरा गांधींना मत दिलं, १९७७ ला त्यांच्या विरोधात दिलं आणि १९८० ला परत त्यांनाच दिलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका सुट्टीत मी त्यांना याबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. तेव्हा मला वाटलं, म्हातारा आपला वाऱ्यासारखा फिरला, दुसरं काय! आता तसं वाटत नाही. त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडी उजळणी. १९७१ च्या मार्चमध्ये 'गरिबी हटाव'च्या घोषणेवर इंदिराबाईंनी लोकसभेच्या ५१८ पैकी ३५२ जागा जिंकल्या. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बांगलादेशचं युद्ध जिंकलं. लोकप्रियतेचा याच्यावरचा कळस कुठला? पण मग १९७२ चा दुष्काळ आला, तेलाचे भाव भडकले, १९७४ मध्ये महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर गेली, रेल्वेचा संप झाला, गुजरात आणि बिहारमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने त्यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली.

आपल्या पिढीला शाळेत शिकवलेलं चित्र साधारण असं असतं: आणीबाणी लागली, लोकशाही मेली, जनता चिडली आणि १९७७ ला तिने सरकार पाडलं. एका ओळीत गोष्ट खलास. पण त्या काळाबद्दल थोडं जरी वाचलं, तरी ही ओळ अडकते. कारण १९७५ च्या जूनमध्ये जनता चिडलेली फारशी दिसतच नाही. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात गेले. पुढे शाह आयोगाने मोजलेला एकूण आकडा १,१०,८०६ लोकांचा आहे. पण रस्त्यावर उद्रेक झाला नाही. गाड्या वेळेवर धावू लागल्या, ऑफिसात बाबू लोक दहाच्या ठोक्याला खुर्चीत दिसू लागले, साठेबाजांवर धाडी पडल्या आणि १९७५-७६ मध्ये घाऊक किमती चक्क उतरल्या. पवनारहून विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे शब्द आले आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगवले. मध्यमवर्गातल्या पुष्कळांना मनापासून बरं वाटलं होतं. आज ते कोणी कबूल करत नाही, ही गोष्ट वेगळी.

आप्पांनी कबूल केलं. "मला तर बरंच वाटलं होतं," ते म्हणाले. "आमचा एक मास्तर महिन्यातून दहा दिवस शाळेत यायचा. तो रोज यायला लागला. मग वाईट कशाचं वाटायचं?"

विरोध अजिबात नव्हता असं नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं, तेही स्वागताध्यक्ष असलेले केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. 'साधना'सारखं साप्ताहिक सेन्सॉरशी झगडत राहिलं. हे सगळं धाडसाचं होतंच. पण आप्पांच्या गावापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. पोचलं असतं तरी त्या वेळी त्यांचं मत फिरलं असतं का? मला शंका आहे.

त्यांच्या गावापर्यंत पोचला तो आकडा.

एप्रिल १९७६ मध्ये केंद्र सरकारने नवं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. खरं तर कुटुंबनियोजन काही नवीन नव्हतं, लाल त्रिकोण गावोगाव आधीपासून होता. नवीन होती ती घाई. संजय गांधींकडे सरकारातलं कुठलंही पद नव्हतं, पण त्यांच्या कार्यक्रमात नसबंदी वरच्या नंबरवर होती. केंद्राने राज्यांना टार्गेट दिलं, राज्यांनी जिल्ह्यांना, जिल्ह्यांनी तालुक्यांना. आणि साहेबाची मर्जी राखायला प्रत्येकाने खाली देताना थोडं वाढवून दिलं. उत्तर प्रदेशला केंद्राने चार लाखांचं टार्गेट दिलं होतं, राज्याने स्वतःच ते पंधरा लाख करून टाकलं! १९७६-७७ या एका वर्षात देशात एक्याऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा होता सव्वीस लाख. केंद्राने ठरवलेल्या टार्गेटच्या हे जवळपास दुप्पट होतं. कागदावर पाहिलं, तर सरकारी योजना इतकी यशस्वी क्वचितच झाली असेल.

टार्गेट काय करतं, हे आपल्या क्षेत्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सपोर्ट टीमला महिन्याला इतकी तिकिटं क्लोज करा म्हटलं, की तिकिटं क्लोज होतात. प्रॉब्लेम सुटतो की नाही, ते कोणी बघत नाही. फक्त इथे तिकीट म्हणजे माणूस होता.

महाराष्ट्र यात मागे नव्हता. उलट सक्तीच्या नसबंदीचं विधेयक देशात सर्वांत आधी मंजूर केलं ते आपल्याच विधिमंडळाने, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा कधी अंमलात आला नाही. पण कायद्याची वाट बघायला वेळ कोणाला होता? जिल्हा परिषदेच्या मास्तरांना 'केसेस' आणायला सांगितलं गेलं. आप्पांच्या तोंडी शेवटपर्यंत हाच शब्द होता. माणसं नाही, केसेस.

आप्पांना तीन केसेस आणायच्या होत्या. नाही आणल्या तर पगारपत्रकावर सही होणार नाही, असं तालुक्याच्या बैठकीत तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नाही. पहिली केस सहज मिळाली, पाच मुलांचा बाप होता, तो आपणहून तयार होता. दुसरी केस म्हणजे शाळेच्या मागच्या वस्तीतला एक शेतमजूर. त्याला दोन मुली होत्या. मुलगा हवा होता. आप्पांनी त्याच्या घरी चार खेपा घातल्या. सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचं सांगितलं. दोन अपत्यांवर ऑपरेशन केलं तर दीडशे रुपये मिळत, त्या माणसाच्या दृष्टीने ती केवढी तरी रक्कम. शेवटी तो आला. "मास्तर म्हनतात म्हनून," असं बायकोला सांगून आला. त्यानंतर तो आप्पांशी कधी बोलला नाही. वाटेत दिसला, तर रस्ता बदलायचा. पुढे त्याच्या मुली आप्पांच्याच वर्गात आल्या, तरीही नाही.

तिसरी केस मिळेना. दोन महिने पगार अडकला. मग एका सोमवारी आप्पा शाळेला रजा टाकून तालुक्याच्या कॅम्पला गेले आणि स्वतःचंच नाव लिहून आले. त्यांना तीन मुलं होती, त्यामुळे तसं बिघडलं काहीच नाही. त्यांनी आजीलाही आधी सांगितलं नव्हतं. "टार्गेट पूर्ण झालं," एवढं म्हणाले मला, आणि उठून अंगणातल्या नळाला पाणी आलंय का ते बघायला गेले.

मला वाटतं, आप्पांचं मत त्या सोमवारी फिरलं. २५ जून १९७५ ला नाही.

आणि इथेच या सगळ्या प्रकरणातला खरा मुद्दा आहे. राज्यघटनेची कलमं मोडली, ते लाखो लोकांना कळलंही नाही आणि कळलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी खपवून घेतलं. पण सरकारने घराचा उंबरठा ओलांडला, तेव्हा वारं फिरलं. त्यातही सरकारचा हात म्हणून जो माणूस दारात आला, तो गावातलाच मास्तर, तलाठी, ग्रामसेवक होता. म्हणजे सरकारने एकाच वेळी दोघांना दुखावलं: ज्याच्यावर सक्ती झाली त्यालाही आणि ज्याच्या हातून करवून घेतली त्यालाही. दुसऱ्या गटाचा हिशोब कोणी फारसा करत नाही. एरवी हाच वर्ग सरकारचा सगळ्यात भरवशाचा.

बरं, हे दिल्लीला कळलं का नाही? कळणार कसं? वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच करून टाकलेली. रेडिओ सरकारचा. विरोधी खासदार तुरुंगात, कोर्टाचे हात बांधलेले. दिल्लीत तुर्कमान गेटला एप्रिल १९७६ मध्ये आणि उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरला ऑक्टोबरमध्ये नसबंदी आणि पाडापाडीवरून पेटलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पेपरात त्याबद्दल धड काही नाही. मग या बातम्या गेल्या कशा, तर कामाला गेलेल्या आणि गावी परतलेल्या मजुरांच्या तोंडून. वाटेत त्या वाढत गेल्या. छापील बातमीचा निदान खुलासा करता येतो, कुजबुजीचा कसा करणार?

खालून वर जाणारी एकच गोष्ट चालू होती, ती म्हणजे पूर्ण झालेल्या टार्गेट्सचे अहवाल. ते अर्थात उत्तम होते. आप्पांचाही तीनपैकी तीन होता.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी रेडिओवरून निवडणूक जाहीर केली. का केली, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. लोकसभेची मुदत त्यांनी दोनदा वाढवून घेतली होती, आणखीही वाढवता आली असती. कोणी म्हणतं त्यांना मनातून लाज वाटत होती, कोणी म्हणतं परदेशातली टीका लागली. पण आपण जिंकू अशी त्यांची खात्री होती, हे बहुतेक सगळे मान्य करतात. केक आणणाऱ्या माझ्या मॅनेजरसारखीच ती खात्री होती आणि दोघांनीही विचारण्याची सोय आधीच बिघडवून ठेवलेली होती.

पुढचे दोन महिने मात्र विलक्षण आहेत. नेते सुटले, सेन्सॉर सैल झाला. २ फेब्रुवारीला जगजीवनराम यांच्यासारखा मुरलेला मंत्री काँग्रेस सोडून बाहेर पडला. चार दिवसांनी दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. लोकांनी घरीच बसावं म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर 'बॉबी' लावला, तरी मैदान ओसंडून वाहिलं. आपल्याकडे पु. ल. देशपांडे जनता पक्षासाठी भाषणं करत फिरले. इतके महिने प्रत्येकाला वाटत होतं, की फक्त आपल्याच पोटात दुखतंय. सभेला गेल्यावर प्रत्येकाने शेजारी पाहिलं आणि त्याला कळलं, की सगळ्यांच्याच दुखतंय. मला वाटतं, मत फिरणं ही एक गोष्ट आणि आपलं एकट्याचंच फिरलेलं नाही हे कळणं ही दुसरी. पहिली गोष्ट आधीच झालेली होती, दुसरी या दोन महिन्यांत झाली.

निकाल तुम्हाला माहीत आहे. काँग्रेस १५४. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. पंजाब, हरयाणा, दिल्ली, हिमाचल सगळीकडे शून्य. राजस्थान आणि मध्य प्रदेशात एकेक. रायबरेलीत १९७१ ला एक लाखाहून जास्त मतांनी हरलेले राजनारायण या वेळी पंचावन्न हजारांनी जिंकले. अमेठीत संजय गांधी पडले. पण त्याच दिवशी आंध्रमध्ये काँग्रेसला ४२ पैकी ४१ जागा, कर्नाटकात २८ पैकी २६! राज्यघटना दोन्हीकडे एकच होती, सेन्सॉरही एकच. नसबंदी दक्षिणेतही झाली, पण सक्तीचा आणि पाडापाडीचा सगळ्यात मोठा जोर उत्तरेत होता. उंबरठा जिथे जास्त ओलांडला गेला, तिथे शून्य आलं. अर्थात प्रादेशिक नेते आणि स्थानिक कारणंही होती, एका कारणावर अख्खा नकाशा बसवता येत नाही. आपण नेहमीप्रमाणे मध्ये. महाराष्ट्रात ४८ पैकी २०. मुंबईच्या सहाही जागा गेल्या, विदर्भातल्या बहुतेक राहिल्या.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७१ ला काँग्रेसला ४३.७ टक्के मतं होती, १९७७ ला ३४.५ टक्के. म्हणजे देशभरात मिळून शंभरात नऊ. 'अख्खा देश उलटला' असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात एवढेच उलटलेले असतात. विरोधक एक झाले होते, म्हणून ते नऊ पुरले. आणि इतकं सगळं होऊनही शंभरातले चौतीस जण जिथे होते तिथेच होते.

यानंतर १९८० कसं समजून घ्यायचं? जनता पक्षाचं सरकार आपसात भांडून जुलै १९७९ मध्ये पडलं. मधल्या काळात इंदिराबाई बिहारमध्ये दलितांचं हत्याकांड झालेल्या बेलछीला चिखलातून, शेवटी हत्तीवर बसून पोचल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये सरकारने त्यांना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी सोडावं लागलं. १९७८ मध्ये त्या चिकमगळूरहून निवडून आल्या, तर त्यांना लोकसभेतून काढून आठवडाभर तुरुंगात टाकलं. कांद्याचे भाव कडाडले. जानेवारी १९८० मध्ये त्या ३५३ जागा घेऊन परत आल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९.

मी आप्पांना जरा चिडूनच विचारलं होतं, "तुमच्यावर एवढं होऊनही तुम्ही परत त्यांनाच मत दिलंत? विसरलात?"

आप्पा म्हणाले, "विसरतो कशाला? शिक्षा एकदाच करायची असते. पोरगं चुकलं, तर त्याला एक दिवस बाकावर उभं करायचं. वर्षभर नाही. आणि हे दुसरे आले, ते वर्गात आपसातच मारामाऱ्या करत बसले. मग वर्ग कोण सांभाळणार?"

मला तेव्हा हे उत्तर अजिबात पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही. एक लाख माणसं तुरुंगात टाकणं म्हणजे काय पोराने पाटी फोडणं आहे का? नसबंदीनंतर माणसं दगावल्याच्या शाह आयोगाकडे नोंदवल्या गेलेल्या १,७७४ तक्रारींची शिक्षा अडीच वर्षांत फिटली? असं मी तावातावाने बोललो होतो. आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला मत विचारतात, म्हणून तू बोलतोस. मला त्या दोन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी सोमवारच्या आधीच सांगितलं असतं."

आप्पा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या दहाव्याला त्या शेतमजुराची थोरली मुलगी आली होती, आता पन्नाशीची. तिने आजीच्या पाया पडून चहा घेतला. तिचे वडील कसे आहेत, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही विचारलं.

असो. यंदाचा सर्व्हे परवाच मेलमध्ये आलाय. वर 'संपूर्ण गोपनीय' लिहिलंय, आणि लिंकच्या शेपटाला माझा नंबर आहेच. शुक्रवार ही शेवटची तारीख आहे. पाचपैकी पाचवर एक क्लिक केलं, की काम संपतं. मी अजून केलेलं नाही.